गॅलरी म्हणजे बाहेर

माझ्या भावजींना घरात कुणी काही विचारत नाही, म्हणून त्यांनी घरात नेटवर्क बसवलं. हे माझं मत आहे. ते मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही, कारण माझ्या थोरल्या बहिणीने मला तशी शपथ घातली आहे. लग्न त्यांच्याशी तिचं झालं, माझं नाही, एवढी एक गोष्ट देवाने माझ्या बाजूने केली.

घरात खोल्या तीन, माणसं दोन आणि नेटवर्कवर यंत्रं अकरा. राउटर बैठकीच्या खोलीत, भिंतीवरचं घड्याळ काढून त्या खिळ्यावर टांगलेला. तिथून एक निळी वायर दाराच्या चौकटीवरून ताईच्या कामाच्या खोलीत जाते आणि दुसरी स्वयंपाकघरात जाते, जिथे तिचं काहीएक काम नाही. प्रत्येक वायरला भावजींच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली: 'वायर क्र. ४, बैठक ते काम'. गॅलरीत सिग्नल कमी पडतो म्हणून एक बूस्टर, जिन्यात पोचत नाही म्हणून आणखी एक. जिन्यात उभं राहून इंटरनेट कुणाला लागतं? भावजींना लागतं. इमारतीतले लोक त्यांना पाठीमागे 'सिग्नल' म्हणतात. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा राग यायच्या ऐवजी त्यांना बरं वाटलं, यावरून माणूस ओळखा.

नोकरीने ते वजनमाप निरीक्षक. दुकानदारांचे काटे तपासायचे, बरोबर असले तर शिक्का मारायचा, नसले तर काटा बंद करायचा. त्यांच्याकडे पितळेच्या वजनांची एक लाकडी पेटी आहे, आत मखमलीचे खण, आणि वजनाला बोट लागू नये म्हणून छोटा चिमटा. गेली बावीस वर्षं जेवताना मी एकच वाक्य ऐकत आले आहे: "दुकानदाराचा काटा दुकानदाराच्याच वजनांनी कधी तपासायचा नाही. तो बरोबरच दाखवणार." पाहुणा नवा असला की हे वाक्य पहिल्या घासाला येतं, जुना असला की ताकाच्या वेळी. कामात मात्र ते चोख आहेत, हे माझ्यासारखीलाही मान्य करावं लागतं. पाच ग्रॅमसाठी त्यांनी एका किराणावाल्याचा काटा भर गिऱ्हाइकांत बंद केलेला मी पाहिला आहे.

माझं पोट दुसऱ्याच वाक्यावर चालतं. मी एका इंटरनेट कंपनीच्या तक्रार विभागात आहे. अकरा वर्षं कानाला हेडफोन लावून "राउटर एकदा बंद करून परत चालू करा" असं सांगते. इंटरनेट चालत नाही म्हणणाऱ्याच्या घरी वीजच गेलेली असते. पासवर्ड चुकतोय म्हणणारा दुसऱ्याच साइटचा पासवर्ड घालत असतो. तरी ही सगळी माणसं मला चालतात, कारण त्यांना काही येत नाही हे त्यांना ठाऊक असतं. डोकं उठवतो तो आधीच सगळं कळलेला माणूस. तो फोन करून तक्रार सांगत नाही, तक्रारीचं कारण सांगतो. भावजी त्यातले अर्क. या अकरा वर्षांत त्यांनी मला माझ्या कामातलं एकदाही काही विचारलं नाही. उलट मलाच समजावून सांगायचे, "तुमच्या कंपनीत तसं करत असतील, पण मी इथे वेगळं केलंय." उथळ पाण्याला खळखळाट फार, एवढंच मी मनात म्हणायची.

आता ताई. ती घरी बसून इमारतींचे नकाशे काढते, एकोणीस वर्षं. मोठ्या मोठ्या वास्तुविशारदांची कामं तिच्याकडे येतात, ती भिंती, जिने, पाण्याचे नळ, विजेचे खटके सगळं मापात बसवून देते आणि नकाशाच्या कोपऱ्यात नाव दुसऱ्याचं पडतं. तिला या वर्षी एक पत्र आलं. बसने पाच तासांवरच्या शहरात एक मोठी कचेरी आहे, नुसत्या शाळा आणि दवाखाने बांधणारी. तिथे नकाशा विभागाची प्रमुख हवी होती. मंगळवारी अकराला मुलाखत, आणि आपलं काम घेऊन या, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दाखवायचं आहे. ताई सत्तेचाळीस वर्षांची आहे. असं पत्र परत येणार नव्हतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. ते पत्र तिने घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं होतं.

तिने सरळ विचार केला होता. चांगले बारा नकाशे पेन ड्राइव्हवर घ्यायचे आणि जायचं. पण सरळ गोष्ट आमच्या भावजींच्या घरातून सरळ बाहेर पडेल तर शपथ.

"पेन ड्राइव्ह?" ते म्हणाले. "अगं, बाराच का? त्यांनी तेरावा मागितला तर? तिथे बसून घरच्या कॉम्प्युटरवर लॉगिन कर. एकोणीस वर्षांचं काम त्यांच्या भिंतीवर. त्यांनी बोट ठेवायचं, तू उघडायचं."

"मग इंटरनेटवर कुठे साठवून ठेवू का? लोक ठेवतात."

"आपलं धान्य दुसऱ्याच्या कोठारात कशाला? आपलं घर, आपला कॉम्प्युटर, आपलं दार. फक्त बाहेरून उघडायचं."

यानंतर दोन आठवडे त्या घरात दुसरा विषय नव्हता. लॅपटॉपवरून घरच्या कॉम्प्युटरला जोडून घ्यायचं, म्हणजे इकडे बसून तिकडचा पडदा दिसतो, तिकडचा बाण हलवता येतो. काम काही मोठं नाही. पण भावजींनी त्यासाठी वही घातली. 'प्रयत्न क्र. १', 'प्रयत्न क्र. २', तारीख, वेळ, शेरा. कधी पासवर्ड घेईना, कधी पडदा काळा येई, कधी ताई नकाशात बुडालेली असताना तिच्या हातातला बाण आपोआप पळू लागे आणि शेजारच्या खोलीतून आवाज येई, "हात लावू नकोस, मी आलोय." एका दवाखान्याच्या जिन्याच्या पायऱ्या अशाच एका प्रयत्नात पुसल्या गेल्या. ताईने त्या परत काढल्या. चौदाव्या प्रयत्नाला जोडणी झाली आणि मला रविवारी कॉफीला बोलावणं आलं. यश बघायला माणूस लागतो ना.

मी गेले. भावजींनी लॅपटॉप उचलला, चपला घातल्या आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. चपला घातल्या, हे मी मुद्दाम सांगते.

"आता मी घराबाहेर आहे," ते म्हणाले.

लॅपटॉपच्या पडद्यावर 'घर' नावाचं एक चित्र होतं. त्यावर त्यांनी टिचकी मारली, आणि आत टेबलावरच्या कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्या हातात उघडला. मग ते जिन्यात गेले. तिथेही उघडला. खाली फाटकापाशी जाऊन त्यांनी हात वर केला. तिथेही. जिन्यातला बूस्टर शेवटी कामाला आला म्हणायचा.

मी 'घर' या चित्राखालचा पत्ता वाचला. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट. असले पत्ते दिवसातून शंभरदा मी फोनवर ऐकते. हा पत्ता घरातल्या घरात चालतो. दुसऱ्याच्या घरी गेलात की तोच आकडा त्यांच्या फ्रिजपाशी नाहीतर टीव्हीपाशी जातो, नाहीतर कुठेच जात नाही. 'बैठकीतलं कपाट' एवढाच पत्ता लिहून कुणी पत्र पेटीत टाकलं तर ते पोचेल का? तसं हे. आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यात वायफायची खूण भरभरून दिसत होती, तीही घरच्याच वायफायची. हा माणूस चपला घालून, जिने उतरून, फाटकापर्यंत जाऊनसुद्धा स्वतःच्या घरातच उभा होता. लॅपटॉपचं वायफाय बंद करून तो मोबाईलच्या इंटरनेटला जोडला असता तर अर्ध्या मिनिटात भांडं फुटलं असतं. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे त्या इमारतीला आमचीच कंपनी इंटरनेट देते, आणि सगळ्या बिऱ्हाडांना मिळून बाहेरचा पत्ता एकच असतो. स्वतःचा वेगळा हवा तर अर्ज करावा लागतो. तो केल्याशिवाय त्या घराचं दार बाहेरून उघडणं शक्यच नव्हतं.

हे सगळं मला एका घोटात कळलं. मी दुसरा घोट घेतला.

ताई ओले हात पुसत बाहेर आली. तिने लॅपटॉपकडे पाहिलं आणि मला विचारलं, "काय गं, ठीक आहे ना?"

मी म्हटलं, "मला काय विचारतेस? तज्ज्ञ तुझ्या घरात आहेत."

भावजी हसले. त्यांना टोमणा कळला नाही, आणि मला त्याचीच मजा वाटली. खरं सांगायचं तर मी मनात म्हटलं, एकदाची जिरू दे यांची. बावीस वर्षांचं सगळं एका मंगळवारी वसूल होऊ दे. ताई पेन ड्राइव्ह नेणारच होती, ती काही वेडी नाही. चार परक्या माणसांसमोर लॉगिन होणार नाही, ती हसून पर्समधून पेन ड्राइव्ह काढील, आणि संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याला सांगील. त्या क्षणी मला तिथे हजर राहायचं होतं, एवढीच माझी इच्छा.

मंगळवारी मी कामावर होते. आमच्याकडे मोबाईल बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. दीड वाजता जेवायच्या सुट्टीत तो काढला तर अकरा ते साडेअकरात आलेले नऊ फोन होते, पाच भावजींचे आणि चार ताईचे. भावजींचे पाच बघून मला हसू आलं. ताईचे चार बघून ते थांबलं.

काय घडलं ते मला दोघांकडून वेगवेगळं कळलं. ताई वेळेवर पोचली. तीन माणसं समोर बसली होती. तिने लॅपटॉप त्यांच्या पडद्याला जोडला, 'घर'वर टिचकी मारली, आणि भिंतभर अक्षरं उमटली, 'जोडणी होऊ शकली नाही.' तिने परत मारली. परत तेच, भिंतभर. मग तिने घरी फोन लावला. भावजींनी त्या दिवशी मुद्दाम रजा काढली होती आणि ते कॉम्प्युटरसमोर खुर्ची टाकून बसले होते. म्हणजे नकाशे त्यांच्या नाकासमोर होते. बोटाच्या टोकावर होते.

"फाईल मेलने पाठवा," ताई म्हणाली. "दवाखान्याची आणि दोन्ही शाळांची."

"पाठवतो. पण आधी एरर काय आलीय ती वाच. शब्दन् शब्द वाच."

"अहो, तीन माणसं समोर बसलीयत."

"म्हणूनच म्हणतो. दोन मिनिटांत होईल. लॅपटॉप बंद करून चालू कर."

तिने केलं. लाजेने केलं असेल, सवयीने केलं असेल. नाही झालं. मग भावजींनी एकदाची दवाखान्याची फाईल पाठवायला लावली. मोठी फाईल, हळूहळू वर सरकणारी. ती अर्ध्यावर आली असेल नसेल, तोच त्यांना सुचलं की राउटर एकदा बंद करून परत चालू करून बघावा. केला. फाईल मेली, भावजींचा फोनही घरच्या वायफायवरच चालू होता, तोही तुटला. तो परत लागेपर्यंत पंधरा मिनिटं होऊन गेली होती. मुलाखत घेणाऱ्या बाई भल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मोबाईलमध्ये एखादा फोटो तरी आहे का?" ताईकडे एक होता, पडद्याचा काढलेला, त्यात नकाशापेक्षा तिचंच प्रतिबिंब जास्त. मग तिने तोंडी सांगितलं. भिंती, जिने, खाटांमधलं अंतर, सगळं हवेत हात हलवून. ते लोक मान डोलवत होते. आठव्या दिवशी पत्र आलं की आपल्या कामाचे नमुने पाहता न आल्याने विचार करता येत नाही.

पेन ड्राइव्ह तिने नेलाच नव्हता.

भावजींचं म्हणणं ठरलेलं होतं. त्या कचेरीचं नेटवर्क बंदिस्त, त्यांची सुरक्षा जुनाट, त्यांचा माणूस अडाणी. नाचता येईना अंगण वाकडं. त्यांनी त्या कचेरीला पाठवायला दोन पानी तक्रारही लिहिली, आणि ताईने ती पाकिटात घालायच्या आधी निवांत वाचून परत त्यांच्या हातात दिली. वही पुढे चालू राहिली. प्रयत्न क्र. १५, १६, १७. तीन आठवडे. मला त्यांचा इतका तिटकारा आला होता की त्या घरी जायचं मी टाळत होते. तिटकाऱ्यामुळेच टाळतेय, असं मी स्वतःला सांगत होते.

मग एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज खालचा. "मेहुणीबाई, जरा येऊन बघशील का? मला जमत नाहीये."

बावीस वर्षांत पहिल्यांदा. मी गेले, आणि हेही कबूल करते की बसमधून जाताना मी वाक्यं जुळवत होते. खुर्चीवर बसून मी त्यांना दोन मिनिटांत सगळं सांगितलं. हा पत्ता घरातला, गॅलरी घरातली, जिना घरातला, फाटकसुद्धा घरातलंच. एकेक शब्द मी चघळून सांगितला. त्यांनी वही मिटली. 

"म्हणजे मी दुकानदाराचा काटा त्याच्याच वजनांनी तपासला," ते म्हणाले.

ते मी बोलणार होते. बसमध्ये जुळवलेलं माझं सगळ्यात चांगलं वाक्य ते, त्यांनी आधीच बोलून टाकलं. मग ते उठले, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले आणि ताईला म्हणाले, "त्यांच्या कचेरीचं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं होतं. मी नीट तपासलं नाही." ताई भांडी विसळत होती. ती "बरं" म्हणाली. नळ तसाच चालू होता. मला त्यांचा राग यायला हवा होता आणि तो कुठे गेला ते मला कळेना.

बाहेरच्या पत्त्यासाठीचा अर्ज मी माझ्याच हाताने भरून दिला. चार दिवसांत काम झालं. पाचव्या दिवशी भावजी लॅपटॉप घेऊन निघाले. या वेळी ते चौक ओलांडून पार बसथांब्यावर गेले, घरचं वायफाय बंद करून, मोबाईलच्या इंटरनेटवर. त्यांनी मला ते दोनदा विचारून घेतलं होतं. ताई आणि मी कामाच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसलो.

थोड्या वेळाने पडद्यावरचा बाण हलला. कुणी हात लावलेला नव्हता. बाण थोडा चाचपडला, मग त्याने ताईच्या कामाचा कप्पा उघडला आणि दवाखान्याचा नकाशा मोठा करून समोर ठेवला. मग शाळेचा. मग दुसऱ्या शाळेचा. मुलाखतीसाठी निवडलेले बारा, एकामागून एक.

"हे करायला किती दिवस लागले?" ताईने विचारलं. ती पडद्याकडेच बघत होती.

"चार."

"त्या रविवारी तू आली होतीस. त्यानंतर नऊ दिवसांनी माझी मुलाखत होती." ती हिशेब करणारी बाई आहे, मापात चुकत नाही. "तुला तेव्हाच कळलं होतं?"

फोनवर मी दिवसभर खोटं बोलते. आमच्याकडून सगळं ठीक दिसतंय, असं म्हणते. ते वाक्य तोंडाशी आलं होतं. "कळलं होतं," मी म्हटलं.

ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती नेहमीच्याच आवाजात बोलली. "त्यांच्या भरवशावर मी गॅसवर दूध ठेवूनसुद्धा बाहेर जात नाही. पेन ड्राइव्ह भरून पर्समध्ये ठेवला होता मी. तू बघितलंस आणि काही बोलली नाहीस, म्हणून काढून ठेवला. म्हटलं, हिने बघितलंय म्हणजे झालं."

"मला वाटलं, तू नेशील."

"त्यांना कळत नव्हतं गं," ताई म्हणाली. "तुला कळत होतं."

 मला माझीच लाज वाटत होती, आणि ती मी कधी कुणावर ढकलू शकणार नव्हते. पडद्यावर नववा नकाशा उघडला होता. ताईचा मोबाईल वाजला, भावजींचा.

"दिसतंय का?" त्यांनी बसथांब्यावरून विचारलं.

"हो," ताई म्हणाली. "सगळं दिसतंय. या आता घरी."